एनमॅपमधील स्क्रिप्टची आर्ग्युमेंट्स : माहितीच्या नोंदीचा इतिहास आणि वर्धा शिक्षण योजना

प्रस्तावना :
संगणक जाळ्यात कोणती यंत्रे चालू आहेत, त्यांची कोणती पोर्ट उघडी आहेत व त्यांवर कोणत्या सेवा चालतात, हे तपासण्यासाठी ‘एनमॅप’ हे साधन जगभर वापरले जाते. त्यातील स्क्रिप्टला बाहेरून जी मूल्ये देता येतात त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. कोणती स्क्रिप्ट कोणती आर्ग्युमेंट स्वीकारते हे कसे शोधावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो साधनाविषयीचे ज्ञान कोठे नोंदवले जाते, याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या नोंदीची वाटचाल पाहून वर्धा येथे १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या शिक्षणविचाराशी तिचा संबंध तपासला आहे.

ऐतिहासिक वाटचाल :
गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने सप्टेंबर १९९७ मध्ये ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात एनमॅप प्रसिद्ध केले. लेखासोबतच मूळ संहिताही दिलेली होती. डिसेंबर २००७ मधील ४.५० या आवृत्तीत स्क्रिप्ट चालविणारी यंत्रणा स्थिरावली. या स्क्रिप्ट ‘लुआ’ भाषेत लिहिल्या जातात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात जन्मली. पुढे स्क्रिप्टची संख्या वाढत सुमारे ६०० वर गेली. त्यामुळे प्रत्येकीची आर्ग्युमेंट्स स्मरणात ठेवणे अशक्य झाले.

नोंदीचे स्वरूप :
२००९ मधील ५.०० या आवृत्तीपर्यंत ‘एनएसईडॉक’ ही पद्धत रूढ झाली. लेखकाने स्क्रिप्टच्या आरंभीच्या टिपणात आर्ग्युमेंटचे नाव व उपयोग लिहावा आणि त्यावरून माहितीचे पान आपोआप तयार व्हावे, असे तिचे स्वरूप आहे. पुढे आलेली ‘स्क्रिप्ट-हेल्प’ ही आज्ञा वर्णन, वर्ग व त्या पानाचा पत्ता दाखवते. आर्ग्युमेंटची यादी मात्र देत नाही. स्क्रिप्टच्या सूचीत तर फाइलचे नाव व वर्ग एवढेच असतात. म्हणून अभ्यासकाला ते पान किंवा प्रत्यक्ष स्क्रिप्ट उघडावी लागते. काही आर्ग्युमेंट्स स्क्रिप्टची नसून तिने वापरलेल्या ग्रंथालयाची असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या शोधाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘एचटीटीपी-एनम’ ही स्क्रिप्ट संकेतस्थळावरील परिचित निर्देशिका शोधते. शोध कोठून सुरू करावा हे तिच्या ‘बेसपाथ’ या आर्ग्युमेंटने ठरते. नाव चुकीचे लिहिल्यास सहसा कोणतीही सूचना मिळत नाही. शोध मुळापासूनच होतो. अपेक्षित विभाग तपासलाच जात नाही, तरी अहवालात ‘काही आढळले नाही’ असा निष्कर्ष येतो. असा अहवाल तपासणी न करण्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

वर्धा शिक्षण योजनेचा संदर्भ :
२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली. हस्तोद्योग केवळ यांत्रिकपणे न शिकवता त्यातील प्रत्येक क्रियेचे कारण विद्यार्थ्यास उमगावे, हा गांधीजींचा आग्रह होता. टकळीसंबंधीचे हे तत्त्व संगणकाच्या प्रयोगशाळेलाही लागू पडते. तयार आज्ञा उतरवून घेणारा विद्यार्थी साधन चालवतो. स्क्रिप्ट उघडून आर्ग्युमेंट वाचणारा साधन जाणतो. या जाणण्यात मर्यादेचे भानही अंतर्भूत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे गैर आहे. म्हणून असा सराव प्रयोगशाळेच्या स्वतःच्या यंत्रांवरच व्हावा.

निष्कर्ष :
एनमॅपच्या वाटचालीत आर्ग्युमेंटची माहिती स्क्रिप्टपासून वेगळी न ठेवता तिच्यातच नोंदवली गेली. ही नोंद लेखकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. ती अपुरी असेल तेथे मूळ संहिता हाच अंतिम पुरावा ठरतो. अध्यापकांनी आज्ञेच्या पाठांतराऐवजी संहितावाचनास प्रात्यक्षिकात स्थान दिल्यास साधनाचा वापर डोळस होईल.