बाईकची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी मल्टीमीटरने हे तपासा

फोनच्या बॅटरीत किती चार्ज उरलाय हे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं. बाईकच्या बॅटरीचं तसं नसतं. रात्री गाडी ठीक असते, सकाळी सेल्फ दाबला की नुसतं कट-कट. मग गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची आणि बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं, "बॅटरी गेली, नवी टाका."

कधी कधी ते बरोबर असतं. पण दोष दुसरीकडे असेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात बसते. माझ्या गाडीला एका वर्षात दोन बॅटऱ्या टाकल्यावर कळलं की इंजिनला जाणाऱ्या अर्थच्या वायरचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासला, घट्ट केला, काम झालं. पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता बॅटरीचं महत्त्वही वाढलंय. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेला राहतो. १ एप्रिल २०२० ला बीएस६ आल्यावर बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्का मारूनही अशी गाडी सहसा चालू होत नाही, आणि बऱ्याच मॉडेलना किक नसतेच.

मीटर लावण्याआधी

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपियरच्या भोकात राहिली आणि तुम्ही प्रोब बॅटरीला टेकवले, तर थेट शॉर्ट सर्किट होतं. ठिणगी उडते, मीटर जळू शकतो. नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

पहिला आकडा: गाडी बंद असताना

गाडी रात्रभर उभी राहू द्या. नुकत्याच चालवलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो, जास्त दिसतो. लाल प्रोब प्लसला, काळा मायनसला.

१२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी, नावात १२ असलं तरी! चार्जरवर पूर्ण वेळ ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर एक सेल मेला असण्याची दाट शक्यता आहे. तिथे नवी बॅटरी घ्यावीच लागेल.

दुसरा: सेल्फ मारताना

प्रोब तसेच ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली येणारच. चार्ज असलेली बॅटरी साडेनऊ-दहाच्या वर टिकली तर ठीक. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळत असेल तर ती आतून थकलीय. पण बॅटरी १२ च्या आसपास टिकतेय आणि सेल्फ तरीही लागत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट वाटेतच अडतोय: रिले, वायर किंवा अर्थ.

तिसरा: इंजिन चालू असताना

खरं निदान इथे होतं. आयडलला आकडा १३ च्या आसपास असू शकतो. थोडी रेस दिली, म्हणजे ३-४ हजार आरपीएमला, की तो १३.५ ते १४.८ च्या दरम्यान यायला हवा. रेस देऊनही १२.५ वरच असेल तर चार्जिंग होत नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे मेकॅनिक ज्याला आरआर युनिट म्हणतात ते, बिघडलंय. अशी गाडी चालवत राहू नका. बॅटरीतलं पाणी उडतं, बल्ब जातात.

चार्जिंग होत नसेल तर आधी रेग्युलेटरचा कनेक्टर उघडून बघा. प्लास्टिक काळं पडलेलं किंवा वितळलेलं असेल तर गुन्हेगार सापडला. तो ठीक असेल तर संशय स्टेटर कॉईलवर. अनेक गाड्यांत तिच्या तीन वायरी असतात. इंजिन बंद करून कनेक्टर सोडवा, मीटर एसीवर मोठ्या रेंजला ठेवा, मग गाडी चालू करून दोन-दोन वायरींमध्ये मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक खूप कमी आला तर कॉईल गेलीय. रेस वाढवली की इथला व्होल्टेज बराच चढतो, तेव्हा उघड्या धातूला हात लावू नका.

वायरींची चाचणी, जी कुणी करत नाही

चांगल्या वायरच्या दोन टोकांत व्होल्टेज जवळपास शून्य असायला हवं. एक प्रोब बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारा. ०.२-०.३ पेक्षा जास्त आलं तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब आहे. माझ्या गाडीचा दोष एवढ्या एका चाचणीत सापडला असता. कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर ही आधीच करा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर घासून वर थोडी पेट्रोलियम जेली लावा.

सगळं ठीक, तरी गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते

म्हणजे चावी बंद असतानाही कुणीतरी करंट पितंय. आधी मायनसची वायर काढा. आता मीटर १० अँपियरवर, लाल वायर त्याच भोकात, आणि एक प्रोब मायनस टर्मिनलला, दुसरा सुट्या वायरला. या वेळी चावी फिरवू नका आणि सेल्फला तर हातच लावू नका. काही मिलिअँपियर चालतात. ५० मिलिअँपियर दिसले तर दिवसाला १.२ अँपियर-अवर गेले, म्हणजे ४ अँपियर-अवरची छोटी बॅटरी तीन-चार दिवसांत रिकामी. आता फ्यूज एकेक करून काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाईनवर दोष आहे. आणि बाहेरून लावलेला जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा हँडलवरचा मोबाईल चार्जर थेट बॅटरीला जोडलेला असेल, तर सगळ्यात आधी तोच काढून बघा. चार्जर चावीनंतरच्या लाईनवर जोडून घेतला की गाडी बंद असताना तो करंट खात नाही.