व्हॉल्यूम कंट्रोल आणि पाठशुद्धी

पाठचिकित्सा हा विषय आम्ही दोघे गेली अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. पोथी नकलून घेताना लेखनिकाच्या हातून प्रमाद कसे होतात, पाठभेद कसे निर्माण होतात, क्षेपक कसा ओळखावा, हे सारे फळ्यावर मांडण्याचा हात आता बसला आहे. परंतु या विषयातला एक धडा आम्हांला मिळाला तो ग्रंथालयात नव्हे, तर नाशिकमधील एका दुरुस्तीच्या टेबलावर, गिटारच्या जुन्या ॲम्प्लिफायरपुढे. तो वाचकांपुढे ठेवावा एवढ्यासाठी हा लेख.

हा ॲम्प्लिफायर स्नेहसंमेलनाच्या सामानाच्या खोलीत पडून होता. व्हॉल्व्हवर चालणारा, अमेरिकन बनावटीचा. सोबत आपल्या 230 व्होल्टांवरून दाब उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर. तो कोणी आणला, कधी आणला, याची नोंद कुठेच नव्हती. विद्यार्थ्यांना तो संमेलनात वाजवायचा होता. दोन वाहिन्यांचे दोन व्हॉल्यूम कंट्रोल. दोन्ही फिरवले की करकर होई, मध्येच आवाज बसे आणि केसभर पुढे सरकताच अंगावर येई.

व्हॉल्यूमची ही कळ गिटारच्या इतिहासाशी कशी जोडली गेली, हे थोडक्यात पाहू. गिटार हे मुळात हळू आवाजाचे वाद्य. नृत्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे ते ऐकू येत नसे. 1932 साली अमेरिकेत जॉर्ज बोशॉम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कंपनीची विजेवरची हवाईयन गिटार बाजारात आली आणि तारेचे कंपन चुंबकाने टिपून, व्हॉल्व्हने वाढवून ध्वनिक्षेपकावाटे ऐकवण्याची वाट रुळली. वाद्याचा आवाज किती असावा हे त्यापूर्वी लाकूड, तार आणि बोट ठरवीत. आता ते एक छोटीशी कळ ठरवू लागली. हीच गिटार पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली. व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांनी ती घरोघरी पोचवली. मात्र 1991 पूर्वीच्या आयात-निर्बंधांच्या काळात परदेशी ॲम्प्लिफायर ही दुर्मीळ वस्तू होती, आणि तिचा सुटा भाग तर त्याहून दुर्मीळ. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून व्हॉल्व्ह बनवण्यास प्रारंभ केला होता. तरी नेमका हवा तो भाग हवा तेव्हा मिळेलच, असे नव्हते. मिळेल ते घेऊन चालवून घेणे, हाच दुरुस्तीचा धर्म होता.

आता कळीच्या पोटात काय असते ते सांगितले पाहिजे. कार्बनचा घोड्याच्या नालेसारखा एक पट्टा, आणि त्याच्यावरून सरकणारी धातूची जीभ. जीभ पट्टयावर जिथे टेकते तिथून विद्युत्‌संकेताचा तेवढा वाटा पुढे जातो. पट्टा झिजला, धूळ बसली, की जिभेचा स्पर्श तुटतो आणि करकर सुरू होते. पण या पट्टयाची खरी गंमत त्याच्या चढणीत आहे. आपला कान शक्तीची मोजणी सरळ बेरजेने करीत नाही. आवाज दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणून गाण्या-वाजवण्याच्या यंत्रात पट्टा ‘लॉगॅरिदमिक’ चढणीचा घालतात: कळ अर्धी फिरली तरी संकेताचा दहावा-सातवा भागच पुढे जातो, आणि कानाला मात्र आवाज एकसारखा चढत गेल्यासारखा वाटतो. सरळ चढणीचा पट्टा घातला तर पहिल्या पाव फेऱ्यातच आवाज चढून बसतो आणि उरलेली कळ जवळजवळ निरुपयोगी होते.

दुरुस्ती करणारे गृहस्थ वयाने आमच्याहून बरेच मोठे. त्यांनी वायर काढून ठेवली, तरी मागचे झाकण उघडल्यावर आम्हांला हात लावू दिला नाही. अशा यंत्रातील मोठे कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही तीन-चारशे व्होल्टांचा भार धरून बसलेले असू शकतात. तो रेझिस्टरमधून सावकाश उतरवून, मीटरने शून्य पाहून मगच काम सुरू करायचे. मग त्यांनी पहिल्या कंट्रोलच्या पाठीवरचा आकडा आम्हांला वाचून दाखवला : 1376633. पहिले तीन अंक निर्मात्याचे, म्हणजे सीटीएस या कंपनीचे. पुढचे दोन वर्षाचे, 1966. शेवटचे दोन आठवड्याचे, तेहतिसावा. ज्याची जन्मनोंद कुठेच सापडत नव्हती, त्या यंत्राने ती स्वतःच्या पोटात जपली होती. पोथीच्या अखेरीची पुष्पिका वाचून शक आणि तिथी हाती यावी, तसा तो क्षण होता. हा ॲम्प्लिफायर त्या आठवड्यापूर्वी तयार झालेला नसावा, एवढे तरी आता म्हणता येत होते. अर्थात हा भाग मूळचाच असेल, तर.

दुसऱ्या कंट्रोलवर असा आकडा नव्हता. तो उघडच नंतर कोणी बसवलेला होता. भोक रुंदावलेले, सोल्डरचे गोळे बेढब, आणि मधल्या टोकापासून जमिनीच्या तारेपर्यंत एक रेझिस्टर आडवा जोडलेला : तपकिरी, काळा, पिवळा, म्हणजे एक लाख ओमचा. मूळ नकाशात त्या जागी काहीच नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. इतकी वर्षे क्षेपक शिकवल्यावर क्षेपक ओळखण्यास कितीसा वेळ लागणार? ‘‘हा कचरा आधी काढून टाका,’’ आम्ही म्हणालो.

गृहस्थांनी काढला नाही. त्यांनी कळ बरोबर मधोमध ठेवली, रेझिस्टरचे एक टोक मोकळे केले आणि मल्टिमीटर लावला. दोन्ही बाजूंना पाच-पाच लाख ओम : म्हणजे दहा लाखांचा, पण सरळ चढणीचा कंट्रोल, या जागी चुकीचाच. मग ते म्हणाले, ‘‘आता रेझिस्टर धरून हिशेब करा, सर.’’ आम्ही कागदावर मांडला. पाच लाखांच्या शेजारी एक लाख जोडला की खालच्या भागाचा रोध सुमारे 83 हजार उरतो. वरचे पाच लाख तसेच. म्हणजे मधोमध संकेताचा अर्धा नव्हे, सातवा भाग पुढे जातो. हवी होती तीच चढण! ज्याला लॉगॅरिदमिक भाग मिळाला नाही त्या अनाम कारागिराने, काही पैशांच्या रेझिस्टरने सरळ पट्टयाला कानाच्या वळणावर आणले होते. याची किंमत त्याने मोजली होती; कळ पूर्ण उघडली की हा रेझिस्टर आधीच्या व्हॉल्व्हवर जादा भार टाकतो. पण वाद्य वाजते राहिले होते. आम्ही ज्याला क्षेपक समजलो, ती टीका होती, आणि मूळ अर्थ जाणणाऱ्याची टीका होती.

नाशिकहून गोदावरीच्या प्रवाहाने खाली जावे तर पैठण लागते. तेथे एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथ 1290 चा. जवळजवळ तीन शतके हातोहात झिजलेला. नाथांनी अशुद्ध पाठ दूर केले आणि ग्रंथ पुन्हा वाचता-म्हणता येईल असा केला. पुढे 1909 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. तिच्या प्राचीनतेविषयी मतभेद झाले. परंतु शुद्धीपूर्वीचा पाठ कसा होता हे जाणण्याची त्यामागची तळमळ अभ्यासकाला परकी नाही. आम्ही वर्गात या दोन भूमिका आमनेसामने उभ्या करीत असू : वापरासाठी शुद्धी, की पुराव्यासाठी जतन? त्या टेबलावर हाच प्रश्न आमच्यापुढे आला. कंट्रोल बदलावेत तर 1966 ची साक्ष आणि त्या कारागिराची अक्कल, दोन्ही निघून जाणार. न बदलावेत तर यंत्र मुके राहणार.

शेवटी बदलले. प्रथम त्यांनी आधीच्या कपॅसिटरमधून एकदिश दाब गळून कंट्रोलवर येत नाही ना, हे तपासले. तसे होत असेल तर नवा भागही करकरतो आणि दोष नसत्या ठिकाणी लागतो. नवे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळून किती काळ लोटला, तरी लोकांच्या तोंडी जुना पाठच टिकून आहे. भागांवरच्या अक्षराचेही तसेच. आज आशियाई बनावटीवर ‘ए’ म्हणजे लॉगॅरिदमिक आणि ‘बी’ म्हणजे सरळ. काही जुन्या युरोपीय भागांवर ‘ए’ हाच सरळ चढणीचा. अक्षरावर विसंबू नये, मोजून घ्यावे. नव्या दांड्या सहा मिलिमीटरच्या, जुन्या मुठी पाव इंचाच्या. त्या बसवण्यास पातळ पितळी पत्रा गुंडाळावा लागला. आणि खरा लॉगॅरिदमिक भाग आल्यामुळे तो रेझिस्टर काढावा लागला. तो आता ठेवला असता तर चढण दुहेरी वाकली असती. मूळ बदलले की त्यावरची टीका तशीच चालत नाही, हेही आम्ही त्या दिवशी शिकलो.

दोन्ही जुने कंट्रोल आणि तो रेझिस्टर एका कागदी पाकिटात घालून ॲम्प्लिफायरच्या खोक्यात आतून चिकटवले आहेत. पाकिटावर काय काढले, काय घातले, कोणत्या तारखेला, हे लिहिले आहे. आकडा नकलून ठेवला आहे. कारागिराचे नाव लिहिता आले नाही. त्याच्यापुढे फक्त एवढेच लिहिले : ‘‘या भागातील रेझिस्टर चुकून लावलेला नाही.’’

संमेलनात गिटार वाजली. करकर नव्हती. पुढच्या वर्षी क्षेपक शिकवताना आम्ही आधी हे पाकीट दाखवणार आहोत.