टीशूट

टीशूट : मोठ्या आस्थापनांच्या संगणक-जाळ्यांतील दोष शोधून ते दूर करण्याचे कौशल्य तपासणारी, सिस्को सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीची प्रमाणपत्र-परीक्षा व तिच्या तयारीचा अभ्यासक्रम. ‘ट्रबलशूट’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप आहे. ‘सीसीएनपी राउटिंग अँड स्विचिंग’ या प्रमाणपत्रासाठी २०१० पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत रूट, स्विच व टीशूट अशा तीन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागत. पहिल्या दोन परीक्षांत जाळे उभारण्याचे ज्ञान पाहिले जाई, तर टीशूटमध्ये आधीच उभारलेले, परंतु बिघडलेले जाळे उमेदवारापुढे ठेवले जाई. सीसीएनपी ही प्राथमिक सीसीएनए आणि सर्वोच्च सीसीआयई यांच्या मधली पायरी असून प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

पूर्वपीठिका : सिस्कोची स्थापना लेनर्ड बोसॅक व सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये केली. कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई आणि १९९८ मध्ये सीसीएनए व सीसीएनपी ही प्रमाणपत्रे सुरू केली. सीसीएनपीच्या सुरुवातीच्या रचनेतही दोषशोधनाची वेगळी परीक्षा होती व पुढे ती सीआयटी या नावाने ओळखली जाऊ लागली. २००६ च्या अभ्यासक्रम-बदलात ती वगळली गेली आणि दोषशोधनाचा भाग इतर विषयांत विखुरला. २०१० च्या पुनर्रचनेत चार परीक्षांच्या तीन झाल्या, तेव्हा हा विषय टीशूट या नावाने (क्रमांक ६४२-८३२) परतला. २०१५ च्या आरंभी जुनी आवृत्ती बंद होऊन ३००-१३५ ही आवृत्ती एकटीच उरली व ती २३ फेब्रुवारी २०२० पर्यंत चालू राहिली. दोषशोधन हा स्वतंत्र विषय मानावा की प्रत्येक तंत्राच्या अभ्यासाचा एक भाग, या प्रश्नाचे उत्तर कंपनीने असे वेळोवेळी बदललेले दिसते.

परीक्षेचे स्वरूप : परीक्षेतील जाळ्याचे नकाशे कंपनी आधीच प्रसिद्ध करीत असे. कोणता राउटर कोणत्या स्विचला जोडला आहे, कोणत्या भागात कोणता राउटिंग प्रोटोकॉल (म्हणजे राउटरांनी परस्परांना मार्ग कळवण्याची नियमावली) चालतो, हे उमेदवाराला परीक्षेपूर्वीच ठाऊक असे, कारण कामावरचा अभियंताही आपले जाळे ओळखूनच दोष शोधतो. परीक्षेत तक्रारी ‘तिकिटां’च्या स्वरूपात येत. प्रत्येक तिकिटात सामान्यतः एकच लक्षण सांगितलेले असे, उदाहरणार्थ, अमुक संगणकावरून अमुक सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. उमेदवाराला उपकरणांची स्थिती पाहण्याच्या ‘शो’ वर्गातील आज्ञा देता येत, मात्र कॉन्फिगरेशन बदलता येत नसे. तपासाअंती तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत : दोष कोणत्या उपकरणात आहे, तो कोणत्या तंत्राशी संबंधित आहे आणि त्यावर उपाय कोणता. बदल करण्याची मुभा नसल्यामुळे ‘हे करून पाहू, ते करून पाहू’ या चाचपडण्याला वाव राहत नसे व निदान केवळ निरीक्षणावरूनच करावे लागे.

दोषशोधनाच्या पद्धती : अभ्यासक्रमाचा पाया म्हणजे तपासाची ठरावीक शिस्त होय. तक्रारीची नेमकी व्याख्या करणे, माहिती गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे, अशक्य कारणे गाळणे, उरलेल्यांपैकी सर्वांत संभाव्य कारण गृहीत धरणे, ते पडताळणे आणि उपाय झाल्यावर त्याची नोंद ठेवणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. तपास कोठून सुरू करावा हे ठरवण्यासाठी ओएसआय प्रतिमानाचा आधार घेतात. जाळ्यातील संदेशवहनाची केबलपासून वापरकर्त्याच्या प्रणालीपर्यंत सात स्तरांत विभागणी करणारे हे प्रतिमान आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. तळापासून वर जाणाऱ्या पद्धतीत केबल व पोर्टपासून आरंभ होतो, तर वरून खाली येणाऱ्या पद्धतीत वापरकर्त्याच्या प्रणालीपासून. मधून सुरुवात करण्याच्या पद्धतीत तिसऱ्या स्तरावर ‘पिंग’ देऊन पाहतात. पिंग पोहोचला, तर त्याखालचे स्तर बहुधा ठीक आहेत असे मानून वरच्या स्तरांकडे वळतात आणि न पोहोचल्यास खाली उतरतात, त्यामुळे एकाच चाचणीने शोधाचे क्षेत्र बरेच आक्रसते. यांखेरीज पॅकेटच्या वाटेने एकेक उपकरण तपासत जाणे, चालू व बंद पडलेल्या उपकरणांची कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून फरक शोधणे आणि केबल किंवा पोर्ट बदलून दोष सोबत सरकतो का ते पाहणे, याही पद्धती शिकवल्या जातात.

साधने : पिंग हा प्रोग्राम माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला. समोरच्या उपकरणाकडे एक लहान पॅकेट पाठवून त्याचे उत्तर येते का आणि किती वेळात येते, एवढेच तो पाहतो. ट्रेसराउट हे साधन पॅकेटच्या आयुर्मर्यादेचा चतुराईने उपयोग करते. प्रत्येक राउटर ही मर्यादा एकने घटवतो व ती शून्यावर आली की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो, म्हणून मर्यादा एक, दोन, तीन अशी वाढवत पॅकेट पाठवली की वाटेतील राउटर क्रमाने आपली ओळख देतात. पॅकेटचा अंतर्भाग पाहण्यासाठी वायरशार्क वापरतात. जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते एथेरियल या नावाने प्रसिद्ध केले आणि २००६ मध्ये त्याचे नाव बदलले. सिस्कोच्या उपकरणांतील ‘डीबग’ आज्ञा अंतर्गत घडामोडी घडताक्षणी दाखवतात, परंतु गर्दीच्या राउटरवर त्यांचा भार प्रोसेसरवर पडून चालू असलेले जाळेही कोलमडू शकते, म्हणून त्या जपून देण्याची व काम होताच बंद करण्याची सवय लावली जाते. उपकरणांतील घटनांच्या नोंदी सिसलॉग या व्यवस्थेतून मिळतात. तीत ० ते ७ असे तीव्रतेचे आठ दर्जे असून ० हा सर्वांत गंभीर होय. या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यासाठी सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. एरवी कोणता बिघाड आधी झाला आणि कोणता त्याचा परिणाम, हे ठरवता येत नाही.

नमुना दोष : दोन राउटर एका केबलने जोडलेले असून दोघांवर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल चालू आहे, असे समजावे. दोन्हीकडचे पोर्ट चालू दिसतात, एकमेकांना दिलेला पिंगही यशस्वी होतो, तरीही मार्गांची देवाणघेवाण होत नाही. शेजारी राउटरांची स्थिती दाखवणारी आज्ञा दिल्यावर दोघे एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या मधल्या अवस्थांतच अडकलेले आढळतात. दोघांनी एकमेकांना ओळखले आहे, म्हणजे क्षेत्र-क्रमांक व नमस्कार-संदेशांचा कालावधी जुळतो, आणि अडथळा माहितीच्या देवाणघेवाणीच्या आरंभीच येतो, एवढा बोध या एका शब्दातून होतो. बहुधा अशा वेळी एका बाजूला पॅकेटची कमाल लांबी (एमटीयू) १५०० बाइट, तर दुसरीकडे १४०० बाइट ठेवलेली असते. ओएसपीएफच्या वर्णन-पॅकेटात पाठवणाऱ्याची एमटीयू लिहिलेली असते व ती स्वतःच्या मर्यादेपेक्षा मोठी असल्यास घेणारा राउटर ते पॅकेट नाकारतो. सिस्को राउटरचा पिंग मुळात १०० बाइटांचाच असल्याने त्याला ही तफावत जाणवतच नाही. दोन्हीकडची एमटीयू सारखी करणे हा खरा उपाय होय. एमटीयूकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञाही उपलब्ध असून ती दिल्यास शेजारसंबंध जुळतो, परंतु मूळ तफावत कायम राहते आणि मोठी पॅकेट पुढे दुसऱ्याच तक्रारीच्या रूपाने अडतात. लक्षण दाबणे व दोष काढणे यांतील हा भेद प्रशिक्षणात आवर्जून ठसवला जातो.

सरावाची व्यवस्था : सरावासाठी पूर्वी वापरलेले राउटर व स्विच विकत घेऊन घरगुती प्रयोगशाळा उभारण्याची पद्धत होती. पुढे संगणकावरच आभासी जाळे उभे करणारी पॅकेट ट्रेसर, जीएनएस३, ईव्ह-एनजी व सिस्को मॉडेलिंग लॅब्ज ही साधने रूढ झाली. यांपैकी पॅकेट ट्रेसर १९९७ मध्ये सुरू झालेल्या सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या शिक्षणात वापरले जाते, मात्र त्यात सर्व आज्ञा चालत नसल्याने वरच्या पातळीच्या सरावास ते अपुरे पडते. चालू जाळ्यात एकाने गुपचूप दोष घालावा आणि दुसऱ्याने तो शोधावा, हा जोडीचा सराव विशेष उपयुक्त ठरतो, कारण स्वतःच घातलेला दोष शोधण्यात निदानाचा कस लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या खासगी वर्गांतून हे शिक्षण मिळते. परीक्षा व पुस्तके इंग्रजीत असली, तरी शिकवणे पुष्कळदा मराठी वाक्यरचनेत इंग्रजी संज्ञा गुंफून चालते व ‘लिंक फ्लॅप होते’, ‘नेबर अप येत नाही’ असे बोल वर्गात तसेच कामावर सर्रास ऐकू येतात.

मर्यादा : नकाशा आधीच जाहीर आणि तिकिटांची संख्या मर्यादित असल्याने परीक्षा दिलेल्यांकडून तिकिटे व उत्तरे बाहेर फुटत, आणि ती पाठ करून निदान न शिकताही उत्तीर्ण होणे शक्य होई. परीक्षेतील गोपनीयतेच्या अटींनुसार असे वर्तन प्रमाणपत्र रद्द होण्यास कारण ठरते. शिवाय केवळ पाहण्याची मुभा असल्याने दुरुस्ती करताना नवा दोष न घालण्याचे कौशल्य या परीक्षेत तपासले जात नसे.

उत्तरकाळ : २४ फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनपी एंटरप्राइजसाठी एनकोर (३५०-४०१) ही मुख्य परीक्षा आणि एक ऐच्छिक परीक्षा अशी योजना लागू झाली. ऐच्छिक परीक्षांपैकी एनआर्सी (३००-४१०) ही टीशूटला सर्वांत जवळची असून तिच्या पाठ्यक्रमातील अनेक घटकांची सुरुवातच ‘दोषशोधन करा’ या क्रियापदाने होते. सीसीआयईच्या आठ तासांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतही २००९ पासून दोषशोधनाचा दोन तासांचा स्वतंत्र भाग होता. २०२० च्या रचनेत तोही जाऊन तीन तासांचा आराखडा-विभाग आणि उभारणी, देखभाल व सुधारणा यांचा पाच तासांचा विभाग आला. अशा रीतीने दोषशोधन पुन्हा तंत्रवार विभागले गेले. या विभागणीमुळे प्रत्येक तंत्राबरोबर त्याचे दोष शिकण्याची सोय झाली, तथापि प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या तक्रारीवर तंत्राचे नाव लिहिलेले नसते. ते शोधून काढणे हा टीशूटमधील तीन प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न होता आणि स्वतंत्र परीक्षेचे प्रयोजन त्यातच होते.