माउथ ऑर्गनमधली मींड

आमच्या डोंगरकड्यात सूर म्हटलं की भजनाची पेटी. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल झाली १९७१ मध्ये. तरी गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवांचं गाणं ऐकूनच पेटी गाती केली होती!

माउथ ऑर्गन हा पेटीचा धाकटा भाऊ. हवेवर थरथरणारी तीच पितळी रीड. होनर या जर्मन कंपनीचा 'मरीन बँड' १८९६ चा. तो सरळ फुंकून लोकगीतं वाजवण्यासाठी होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी त्याची रीतच फिरवली. 'सी' पट्टीचा बाजा ते 'जी' पट्टीत वाजवू लागले, फुंकण्यापेक्षा हवा आत ओढून. ओढताना तोंडातली पोकळी बदलली, जीभ मागे घेतली, की सूर खाली घसरतो. झाली की मींड!

लिटल वॉल्टरचं 'ज्यूक' (१९५२) ऐकत मी महिनाभर तिसऱ्या भोकाशी झटतोय. नोटेशन इथे उपयोगाचं नाही, कानाने नक्कलच करायची. तिथला शुद्ध गंधार ओढून कोमल होतो, हे जमलंय. पण हे उस्ताद दोन्हींच्या मधेच कुठेतरी थांबतात, आणि ती जागा मला रोज वेगळीच ऐकू येते.