वाचलेल्यांचे वाचन

मराठी वाचकाला हिटलर चांगला ठाऊक आहे. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आपल्याकडे आवडीने वाचले गेले. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशीही मराठीत आली आणि शाळकरी मुलांच्या हाती पोचली. पण एकीकडे हुकूमशहा आणि दुसरीकडे लपून बसलेली एक मुलगी, यांच्या मधली घरे आपल्याला फारशी दिसली नाहीत. कापडाचे दुकान असलेली, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली, दोन भावांत अबोला असलेली अशी लाखो ज्यू घरे दुसऱ्या महायुद्धात मोडली. त्यांतली काही कादंबरीने पुन्हा उभी केली आहेत. या पुस्तकातले लेख त्या कादंबऱ्यांविषयी आहेत. या वाटेवर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करावे आणि पुढे कामी येतील अशा चार गोष्टी त्याच्या कानावर घालाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

या कादंबऱ्या वाचताना आड येते ती आपलीच माहिती. जॉर्जिया हंटर यांची ‘वी वेअर द लकी वन्स’ (२०१७) घ्या. १९३९चा वसंत आहे. पोलंडमधल्या रादोम शहरात कुर्त्स या ज्यू कुटुंबाने वल्हांडण सणाचे जेवण मांडले आहे. पाच मुलांपैकी अ‍ॅडी हा संगीतकार मुलगा फ्रान्समध्ये अडकला आहे, त्याची जागा रिकामी आहे. सप्टेंबरात जर्मन फौजा या शहरात शिरणार, १९४१ मध्ये इथे घेट्टो, म्हणजे ज्यूंची कोंडवस्ती, होणार आणि ऑगस्ट १९४२ मध्ये घेट्टोतली माणसे त्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांत कोंबली जाणार, हे आपल्याला माहीत असते. त्या टेबलाभोवती बसलेल्या एकालाही ते माहीत नसते. आपण पानोपानी मनातल्या मनात ओरडत राहतो: निघा, आत्ताच निघा! ही कळकळ स्वाभाविक आहे. पण तिच्या पोटात एक अन्याय दडलेला असतो, कारण तिच्यामुळे न निघालेल्यांनाच आपण नकळत दोष देऊ लागतो.

निघून जायचे तरी कुठे? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करायला जमले होते. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली, दार जवळजवळ कोणीच उघडले नाही. कादंबरीतल्या अ‍ॅडीला ब्राझीलचा व्हिसा मिळतो, तो फ्रान्समधले ब्राझीलचे राजदूत सूझा दांतास यांनी स्वतःच्या सरकारचे हुकूम बाजूला सारून दिलेला. मार्सेहून जहाज सुटते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर डाकारच्या बंदरात महिनोन्महिने अडकून पडते. तेवढ्यात व्हिशाची मुदत संपते. माणूस तोच, कागद तोच, पण तारीख उलटून गेलेली. इतिहासाच्या ग्रंथात ही गोष्ट एका वाक्यात आटोपली असती. कादंबरीत ते महिने वाचकालाही काढावे लागतात. पुढचे ठाऊक नसलेल्या माणसांच्या शेजारी आपल्याला बसवण्याची ही ताकद मला या साऱ्या लेखनाचा प्राण वाटते.

जॉर्जो बास्सानी यांनी याच गोष्टीला वेगळ्या रीतीने हात घातला. ‘फिंत्सी-कोन्तिनी कुटुंबाची बाग’ (१९६२) या इटालियन कादंबरीच्या उपोद्घातातच ते सांगून टाकतात की या घरातली माणसे १९४३ मध्ये धरून नेली गेली आणि परतली नाहीत. मग ते आपल्याला फेरारा शहरातल्या १९३८च्या शरद ऋतूत नेतात. वांशिक कायदे नुकतेच आले आहेत, ज्यू तरुणांना टेनिस क्लबातून काढून टाकले आहे, म्हणून हे श्रीमंत कुटुंब आपल्या बागेतले टेनिस कोर्ट त्यांना खुले करते. पुढे कितीतरी पाने खेळणे, बोलणे, प्रेमात पडणे एवढेच चालते. शेवट आधीच कळलेला असल्यामुळे प्रत्येक संध्याकाळ डोळे भरून पाहावीशी वाटते. मला ही या विषयावरची सर्वांत संयमी कादंबरी वाटते.

कुर्त्स कुटुंबाकडे परत येऊ, कारण खरी अवघड गोष्ट तिथे आहे. त्या घरातले आईवडील आणि पाचही मुले वाचली. आपल्या भाषेत ‘वाचणे’ हे क्रियापद पुस्तकालाही लागते आणि जिवालाही. या पुस्तकांपाशी दोन्ही अर्थ एकत्र येतात. रादोममध्ये युद्धापूर्वी सुमारे ३०,००० ज्यू राहत होते, युद्धानंतर ३००सुद्धा उरले नाहीत. सबंध पोलंडमध्ये ३३ लाखांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले. कादंबरीला कार्यकारण लागते. मुलगी धीट आहे, खोट्या कागदपत्रांवर वावरते, आई लेकराला कॉन्व्हेंटमध्ये ठेवते, म्हणून ती वाचतात, असे कथानक आपसूक सुचवत जाते. पण तितक्याच धीट मुली आणि तितक्याच सावध आया शेजारच्या गल्लीत होत्या आणि त्या मेल्या. सद्गुणाला जीवदान मिळाले, असा हिशेब त्या काळात कुठेच लागत नाही. हंटर यांनी शीर्षकातच नशिबाचे नाव घेतले आहे, हा त्यांचा प्रामाणिकपणा. वाचकाने तो शब्द शेवटच्या पानापर्यंत विसरू नये.

म्हणून अशा प्रत्येक कादंबरीशेजारी मार्गा मिंको यांचे ‘कडू भाजी’ ठेवावे असे मी सुचवीन. डच भाषेतले हे छोटे पुस्तक १९५७ चे. शीर्षकातली भाजी वल्हांडणाच्या जेवणातली, मिसरातल्या गुलामगिरीची आठवण म्हणून खाल्ली जाणारी. अंगावर लावायचे पिवळे तारे घरी येतात आणि ते कपड्यांवर शिवण्याचे काम निघते, एखाद्या साध्या घरकामासारखे. एका संध्याकाळी धरून न्यायला माणसे येतात. मुलगी कोट आणायला म्हणून उठते आणि बागेच्या दारातून पळते. ती वाचते, आईवडील आणि भावंडे वाचत नाहीत. युद्ध संपल्यावर तिचा काका रोज ट्रामच्या थांब्यावर जाऊन भावाची वाट पाहत उभा राहतो. मिंको यांनी यावर एकही भाष्य केलेले नाही.

या कादंबऱ्यांमागची कागदपत्रे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि जिज्ञासू वाचकाने त्यात जरूर शिरावे. वॉर्सा घेट्टोत इमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने सहकाऱ्यांना घेऊन गुप्त दफ्तर उभे केले. त्यात निबंध आणि साक्षी तर होत्याच, पण रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, खाऊच्या गोळ्यांचे कागदसुद्धा होते. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनांत भरून हे सारे जमिनीखाली पुरले गेले. एक भाग १९४६ मध्ये मिळाला, दुसरा १९५० मध्ये, तिसरा अजून सापडलेला नाही. पुढे उपासमारीने आणि संहारछावण्यांनी गिळलेल्या माणसांना गोळीचा कागद जपावासा वाटला, ही गोष्ट कादंबरीकाराला फार काही शिकवते.

उलट कधी कागदच खोटा असतो आणि जीव त्यामुळेच राहतो. ‘लबाड याकोब’ (१९६९) लिहिणारे युरेक बेकर हे लहानपणी वुच शहरातल्या घेट्टोत होते. मुलाची रवानगी टळावी म्हणून वडिलांनी त्याचे वय वाढवून सांगितले. खरी जन्मतारीख बेकर यांना पुढे कधीच कळली नाही. त्यांच्या कादंबरीला दोन शेवट आहेत, एक निवेदकाने मनाने रचलेला आणि एक घडलेला. ते का, हे या माहितीनंतर निराळे सांगावे लागत नाही.

कल्पनेला मोकळीक किती द्यायची याबद्दल माझे मत कडक आहे. जॉन बॉइन यांच्या ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’वर जगभरची मुले रडली, पण ज्यूंच्या संहाराचा इतिहास शिकू वा शिकवू पाहणाऱ्यांनी ते पुस्तक टाळावे असे आउशवित्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे म्हटले. मला ते पटते. डोळ्यांतले पाणी खरे असले, तरी ते चुकीच्या चित्रावर सांडू नये.

शब्दांबद्दलही थोडे. ‘होलोकॉस्ट’ हा मूळ ग्रीक शब्द होमबळीसाठीचा. मारले गेलेले लोक कोणत्याही देवाला वाहिलेला बळी नव्हते, म्हणून अनेक ज्यू अभ्यासक ‘शोआ’, म्हणजे महाविध्वंस, हा हिब्रू शब्द पसंत करतात. मराठीत ‘छळछावणी’ रुळला आहे, पण त्रेब्लिंका ही जवळजवळ केवळ ठार मारण्यासाठी उभारलेली जागा होती; तिला ‘संहारछावणी’च म्हणावे.

हा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. कुर्त्स कुटुंबातला गेनेक सायबेरियात हद्दपार होतो, १९४१ मध्ये सुटतो आणि जनरल आन्देर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर इराणमार्गे बाहेर पडतो. त्याच लोंढ्यातल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची, त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुले, वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे होती. ते बहुसंख्येने कॅथलिक होते. पण त्याच वाटेने आलेली ज्यू अनाथ मुले कराची बंदरातून पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनला पोचली. अनिता देसाई यांच्या ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ (१९८८) मधला ह्यूगो तर मुंबईतच म्हातारा होतो. जर्मनीत तो ज्यू म्हणून नकोसा होता, हिंदुस्थानात इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून कैदेत टाकले. आणि वल्हांडण हा सण मराठीतून साजरा करणारे आपले बेने इस्रायली ज्यू कोकणात शतकानुशतके निर्धास्त राहिले. रादोमच्या त्या जेवणाचे वर्णन वाचताना रेवदंडा-अलिबागकडची ही घरेही आठवावीत.

वाचायला बसताना जवळ पेन्सिल आणि कोरा कागद ठेवा. घराण्याची वंशवेल काढा, प्रत्येक नावापुढे गाव आणि वर्ष लिहीत जा. ज्या नावापुढे नोंद थांबते तिथे तुम्हीही थोडे थांबा. आणि डच, पोलिश, इटालियन किंवा यिडिश शिकलेल्या मराठी तरुणांना एक विनंती: यांतले एक तरी पुस्तक इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय, थेट मूळ भाषेतून मराठीत आणा. मिंको यांचे पुस्तक छोटे आहे. तिथून सुरुवात करता येईल.