डिकोडर चिप (डीआयपी)
द्विमान संकेत ओळखून त्यानुसार ठरावीक आउटपुट चालू करणारी चिप. डीआयपी (ड्युअल इन-लाइन पॅकेज) प्रकारात पिनांमधले अंतर २.५४ मिमी असल्याने हाताने सोल्डरिंग सोपे जाते. ७४१३८ ही १६ पिनांची, ३ ते ८ डिकोडर. ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या ए१३ ते ए१५ या ॲड्रेस लाइन तिला जोडल्या, की ६४ किलोबाइट मेमरीचे ८ किलोबाइटचे आठ भाग पडतात. निवडलेले आउटपुट ० होते, उरलेली १ राहतात. सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेला मात्र ती चालत नाही: कॉमन ॲनोडसाठी ७४४७, कॉमन कॅथोडसाठी ४५११ घ्यावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप मागताना क्रमांकातल्या ७४ आणि १३८ यांच्या मधली अक्षरे (‘एचसी’ किंवा ‘एचसीटी’) आवर्जून सांगावीत. ‘एचसी’ २ ते ६ व्होल्टवर चालते. जुन्या ५ व्होल्ट टीटीएल सर्किटशी ‘एचसीटी’च जुळते. दोन्हींत न वापरलेले इनपुट मोकळे सोडू नये.