फोर्ट्रान व सी : एक अलिखित करार

फोर्ट्रान ही संगणकभाषा १९५७ सालची. सी तिच्याहून सुमारें पंधरा वर्षांनीं धाकटी. आकडेमोडीच्या कसास उतरलेल्या आज्ञावल्या थोरलीपाशीं, म्हणून धाकटीस तिचा उंबरठा झिजवावा लागला. थोरलीच्या घरची रीत अशी कीं, अक्षरमाला देतांना तिची लांबीही मुकाट्यानें सोबत धाडावयाची. एकाच अक्षराला लांबी कसली, म्हणून सीच्या लेखकांनीं ती गाळली. आणि वर्षानुवर्षें कांहीं बिघडलें नाहीं! पुढें २०१९ सालीं जीएनयूच्या फोर्ट्रान-कंपायलरनें त्या लांबीची म्हणून असावयाची जागा स्मृतींत पुन्हा वापरली. ती मुळीं राखलेलीच नसल्यानें सीच्या बाजूची माहिती पुसली गेली, व आर या संख्याशास्त्रीय भाषेंतील गणितें कोसळूं लागलीं. आमच्या मतें कंपायलर निर्दोष होता. तरी नमतें घेऊन जुनी चूक सांभाळणारी सोय त्याच्याच कर्त्यांनीं केली.